गुलाब तहानेने मरतो

वसईत फुलांना तोटा नाही. वाडीवाडीतून मोगरा, सोनचाफा, जास्वंद, तगर निघते, पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात पाट्या चढतात आणि उजाडायच्या आत दादरच्या फूलबाजारात उतरतात. लांब दांड्याचा गुलाब मात्र उलट्या दिशेने येतो. बाजारात ज्याला डच गुलाब म्हणतात तो मावळातल्या, नाशिककडच्या पॉलिहाउसमध्ये वाढतो, दादरला उतरतो आणि तिथून विरार गाडीच्या गर्दीत आमच्याबरोबर घरी येतो. शेतकऱ्याने तो पहाटे कापून लगेच पाण्यात ठेवलेला असतो, शीतगृहात जपलेला असतो. त्याचे खरे हाल सुरू होतात ते आपल्या हातात आल्यावर.

आमच्या गावच्या चर्चमध्ये वेदीभोवतीच्या फुलांची सेवा मी बरीच वर्षे करते आहे. शनिवारी संध्याकाळी मांडलेली फुले रविवारच्या शेवटच्या मिस्सापर्यंत टवटवीत दिसायला हवीत, आणि पुढे आठवडाभर जितकी टिकतील तितकी हवीत. घरीही गुलाब असतातच. या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. घरात आणलेला गुलाब बहुतेक वेळा वयाने मरत नाही, तहानेने मरतो. पाण्यात उभा असूनही तहानेने. ही तहान का लागते हे कळले की बाकीच्या युक्त्यांतल्या कामाच्या कोणत्या आणि बिनकामाच्या कोणत्या, हे आपोआप कळते.

१. फुलाआधी दांडा बघावा.

दादरला ज्या मावशींकडून मी फुले घ्यायला लागले, त्यांचे पहिलेच वाक्य होते, "बाय, फूल काय बघतेस, दांडा बघ." त्या जुडी उलटी करून दांड्यांची टोके दाखवत. टोक हिरवट-पांढरे आणि कोरडे असेल तर माल ताजा. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारे असेल तर ती जुडी कालपरवाची, वरून कितीही पाणी शिंपडून चमकवलेली असो. पाकळ्यांवरचे थेंब पाहून भुलू नये, ते कुणीही मारू शकते.

मग कळी. अंगठा आणि तर्जनीमध्ये कळीचा बुडखा, म्हणजे दांड्याला लागून असलेला भाग, हलकेच दाबावा. घट्ट लागला आणि किंचित उसळला तर घ्यावी. मऊ, पोकळ लागला तर सोडून द्यावी. पण अगदी टणक, गच्च मिटलेली कळीही मी घेत नाही. फार लवकर कापलेली कळी पुष्कळदा उमलतच नाही, तशीच मान टाकते. कळीखालची हिरवी पाती खाली वळू लागलेली आणि बाहेरची एखादी पाकळी सुटू लागलेली, एवढी उमल बरी. सर्वांत बाहेरच्या पाकळ्या जाड, हिरवट, डागाळलेल्या असतात, त्या पाहून फूल नाकारू नये. त्या आतल्या फुलाचे रक्षण करतात. मी त्या घरी आल्यावर, पाण्यात फूल सावरल्यानंतर काढते, वाटेत कधीच नाही.

२. गाडीत गुलाबाला वारा लागू देऊ नये.

दादर ते वसई किंवा विरार हा तासाभराचा प्रवास गुलाबाला फार महागात पडतो. दारात उभे राहून फुले बाहेरच्या वाऱ्याला धरली की पानांतून पाणी भराभर उडते, आणि दांड्याला खालून काहीच मिळत नसते. जुडी वर्तमानपत्रात कळ्यांसकट सैल गुंडाळावी, टोकांना ओला कपडा बांधून त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवावी. वरचा भाग मात्र प्लास्टिकमध्ये बंद करू नये, आत घाम धरतो.

३. घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास पुढचा आठवडा ठरवतो.

बहुतेक घरांत फुले आणून ओट्यावर ठेवतात, हातपाय धुतात, चहा होतो, मग कधीतरी फुलदाणी शोधतात. माझ्याकडे क्रम उलटा असतो. चहा नंतर.

कारण असे. दांड्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या उभ्या नळ्या असतात. पाने आणि पाकळ्या हवेत पाणी सोडतात, त्या ओढीने खालचे पाणी या नळ्यांतून वर चढते. दांडा कापला की ओढ चालूच राहते, पण आता खालून पाण्याऐवजी हवा आत खेचली जाते. शहाळ्यातले पाणी स्ट्रॉने ओढताना मध्येच हवा आली की घोट तुटतो, तसेच इथे होते. नळीत हवेचा बुडबुडा बसला की त्याच्या वरचे पाणी तुटते, आणि मग दांडा फुलदाणीत गळ्यापर्यंत बुडवला तरी कळीला थेंब मिळत नाही.

म्हणून त्या टोकाचा हवा भरलेला भाग कापून टाकायचा, आणि तोही पाण्याखाली. मी बादलीत कोमट पाणी घेते, हाताला सुखद लागेल इतके. कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा लवकर वर चढते. त्यात दांड्याचा खालचा भाग बुडवून, पाण्यातच, तळापासून दोन बोटे भाग तिरका कापते. धारदार सुरी हवी. बोथट कात्रीने दांडा चेपतो आणि नळ्यांची तोंडे मिटतात. दांडा ठेचायचा, त्याला मधोमध चिरा द्यायच्या, हे कुणी सांगितले तरी करू नये, त्याने नळ्या फाटतात आणि सडायला निमित्त मिळते. तिरका काप कशासाठी, तर टोक भांड्याच्या तळाशी सपाट चिकटून बसू नये यासाठी.

पाण्याखाली येणारी पाने सगळी काढायची, कारण पाण्यात पान कुजते. वरची पाने ठेवायची, पण फार दाट असतील तर काही कमी करायची, कारण प्रत्येक पान पाणी उडवते. काटे शक्यतो तसेच ठेवते. काटे ओरबाडून काढताना साल सोलली जाते आणि प्रत्येक जखम जंतूंना दार उघडून देते. लहान मुलांच्या घरी काटे काढायचेच असतील तर फक्त टोके छाटावीत.

एवढे झाले की फुले कागदात गुंडाळलेलीच, खोल पाण्याच्या बादलीत, अंधाऱ्या थंड कोपऱ्यात दोन तास उभी करते. मांडणी त्यानंतर. ही दोन तासांची विश्रांती ज्यांना जमते त्यांचे गुलाब हमखास टिकतात.

४. पाणी कुठले आहे हे विचारावे.

वसईत हा प्रश्न साधा नाही. पश्चिम पट्ट्यात, समुद्राकडच्या गावांत, विहिरीचे पाणी गोड होते आणि ते गोड ठेवायला गावोगाव बावखले होती. पावसाचे पाणी बावखलात साठायचे, मुरायचे, आणि विहिरींना वर्षभर झरे राहायचे. बावखले बुजत गेली, टँकरसाठी उपसा वाढला आणि अनेक ठिकाणी जमिनीत खारे पाणी शिरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीतल्या माणसांनी पाण्यासाठी, हिरव्या पट्ट्यासाठी जो लढा दिला, तो शेतीसाठी आणि माणसांसाठी होता. त्यातले सत्य मला फुलदाणीतही दिसते. मचूळ बोअरवेलच्या पाण्यात गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात आणि पाकळ्या मलूल होतात. मीठ फुलाला पाणी देत नाही, उलट त्याच्याकडचे ओढते.

महापालिकेचे नळाचे पाणी, म्हणजे सूर्या, उसगाव किंवा पेल्हारचे, गुलाबाला चांगले चालते. त्यात थोडे क्लोरीन असते आणि ते जंतूंना आवरते. पावसाळ्यात पागोळीचे पाणी, सुरुवातीच्या सरी सोडून धरलेले, त्याहून उत्तम. एक गोष्ट आवर्जून सांगते. घरात आरओ यंत्र असेल तर त्याच्या बाहेर टाकलेल्या पाण्याची बादली फुलांसाठी वापरू नये. वाया जाऊ नये म्हणून बायका ते जपून ठेवतात, ते योग्यच आहे, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार दाटलेले असतात. त्याने लादी पुसावी. गुलाबाला यंत्रातून गाळून आलेले पाणी द्यावे.

पाणी रोज बदलावे. निदान उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तरी यात सूट नाही. बदलताना दर दुसऱ्या दिवशी दांड्याचे टोक पुन्हा थोडे कापावे.

५. ज्या भांड्यात हात जात नाही त्यात गुलाब ठेवू नये.

तहानेचे दुसरे कारण जंतू. फुलदाणीतल्या पाण्यात ते वाढतात, दांड्याच्या टोकाशी जमतात आणि त्यांचा चिकट थर नळ्यांची तोंडे बंद करतो. पाणी गढूळ दिसायच्या आधीच हे झालेले असते. अरुंद गळ्याच्या सुंदर सुरया मी वापरत नाही, कारण त्यांच्या तळाचा बुळबुळीतपणा निघत नाही. काचेचे रुंद तोंडाचे भांडे घ्यावे, साबणाने आणि ब्रशने घासावे, शेवटी ब्लीचच्या पातळ पाण्याने विसळावे. जे भांडे आपण स्वतः पाणी प्यायला वापरू इतके स्वच्छ, ते गुलाबासाठी योग्य.

चर्चच्या फुलदाण्यांची मोठी धुलाई आम्ही उपवासकाळात करतो. त्या दिवसांत वेदीला फुले नसतात, फक्त चौथा रविवार आणि मोठे सण सोडून. भांडी रिकामी असतात, तेव्हा सगळी बाहेर काढून उन्हात वाळवायला सवड मिळते.

६. साखर एकटी घालू नये.

दांड्यावरून कापलेल्या कळीला उमलायला अन्न लागते, म्हणून साखर उपयोगी आहे. पण नुसती साखर घातली तर ती आधी जंतू खातात आणि पाणी दुसऱ्याच दिवशी वास मारते. साखरेबरोबर आंबट आणि जंतुनाशक दोन्ही हवे. माझे प्रमाण असे: एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन लहान चमचे लिंबाचा रस, आणि सगळे नीट ढवळल्यावर शेवटी पाव लहान चमचा साधे पातळ ब्लीच. लिंबाने पाणी आंबट होते, आंबट पाणी दांड्यातून सहज चढते आणि त्यात जंतू कमी वाढतात. निव्वळ ब्लीच आणि निव्वळ लिंबू एकमेकांत कधी मिसळू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पाण्याने भरलेल्या भांड्यातच थेंब टाकावेत. साखर वाढवूही नये, पानांच्या कडा जळतात.

फुलवाल्याने सोबत पुडी दिली असेल तर तीच वापरावी, तिच्यात हेच तीन घटक मोजून घातलेले असतात. ॲस्पिरिनची गोळी घातल्याने पाणी जरासे आंबट होते, इतकेच. ते लिंबू स्वस्तात करते. नाणे टाकणाऱ्यांचा भरवसा तांब्यावर असतो, पण आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत.

७. केळीचा घड आणि गुलाब एका खोलीत नकोत.

वसईच्या घरासाठी हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दुसरीकडच्या लोकांना तो सुचणारही नाही. आमच्याकडे वेलची नाहीतर राजेळी केळीचा घड घरात पिकत टांगलेला असतो. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. त्याला रंग नाही, आणि घरात जितका जमतो तितक्याचा वासही येत नाही. फळाला तो पिकायला सांगतो, आणि फुलाला सांगतो की तुझे झाले. घडाच्या खोलीत ठेवलेले गुलाब एकाएकी पसरतात, पाकळ्या कडेने निळसर पडतात आणि हात लावताच गळतात. दांडा हिरवागार असतो, पाणी स्वच्छ असते, आणि तरी फूल गेलेले असते. हा मृत्यू तहानेचा नाही, म्हणून पाण्याच्या कोणत्याही युक्तीने तो टळत नाही. घड स्वयंपाकघरात असेल तर गुलाब ओटीवर न्यावेत.

या वायूचा झाडांवरचा परिणाम माणसाला कळला तो दिव्यांमुळे. १९०१ साली रशियात दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण अभ्यासकाच्या लक्षात आले की प्रयोगशाळेत वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात, आणि कारण निघाले दिव्यांच्या गॅसमधले इथिलीन. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिले की पिकणारी फळे स्वतःच हा वायू तयार करतात. मेणबत्ती, उदबत्ती, गाड्यांचा धूर, जिथे काही अर्धवट जळते तिथे तो थोडाफार असतोच. म्हणून मी वेदीजवळची फुले मेणबत्त्यांपासून दूर ठेवते. चर्चचा नियमही फुले वेदीच्या पाटावर न मांडता भोवताली ठेवावीत असाच सांगतो, आणि गुलाबाच्या दृष्टीने तो नियम फार शहाणा आहे.

कोमेजलेले फूलही इथिलीन सोडते. गुच्छातले एक गेले की ते लगेच काढावे.

८. जागा थंड हवी, वाऱ्याची नको.

पंख्याखाली, खिडकीच्या उन्हात, फ्रिजच्या माथ्यावर, टीव्हीशेजारी गुलाब ठेवू नयेत. एसीचा थेट झोतही वाईट, ती हवा कोरडी असते. वसईच्या दमट हवेचा खरे तर गुलाबाला फायदाच होतो, पाने पाणी कमी सोडतात. रात्री फुलदाणी मोरीत जमिनीवर ठेवावी, घरातली ती सर्वांत गार जागा. फ्रिजमध्ये जागा असेल आणि आत फळे नसतील तर कळ्यांवर कागद गुंडाळून रात्रभर तिथे ठेवता येते, मात्र बर्फाच्या कप्प्यापासून लांब.

पावसाळ्यात दुखणे वेगळे. पाकळ्यांवर पाणी साचले की करडी बुरशी धरते, आधी बारीक तपकिरी ठिपके, मग अख्खी कळी मऊ. त्या चार महिन्यांत कळीवर पाणी शिंपडणे पूर्ण बंद.

एवढी काळजी घेतली तर आमच्या हवेत गुलाब पाच-सहा दिवस सहज राहतो, दिवाळीनंतरच्या गारव्यात आठवडाही काढतो.

९. मान टाकलेला गुलाब लगेच फेकू नये.

कळी अजून घट्ट आहे आणि मान मात्र लवलेली, हे तहानेचे अगदी स्पष्ट लक्षण. कळीखालचा दांडा कोवळा असतो, पाणी कमी पडले की तो आधी वाकतो. अशा फुलाचे टोक पाण्याखाली तीन बोटे कापावे. वर्तमानपत्रात कळी सरळ राहील असे घट्ट गुंडाळावे आणि पसरट टबात कोमट पाण्यात दांड्यासकट आडवे बुडवून तासभर ठेवावे. नळ्यांत पाणी पुन्हा जोडले गेले तर मान उभी राहते. मी हे पुष्कळदा होताना पाहिले आहे आणि दर वेळी तितकाच आनंद होतो. नाहीच उठली तर दांडा बोटभर ठेवून फूल परातीत पाण्यावर सोडावे. चढण संपल्यामुळे ते तिथे अजून दोन दिवस काढते.

१०. मोगऱ्याचे नियम गुलाबाला लावू नयेत.

आमच्याकडच्या बायकांचा हात मोगरा, चाफ्यावर बसलेला. मोगऱ्याची कळी देठाविना खुडलेली असते, ती पाणी पिऊ शकत नाही, म्हणून तिला ओल्या फडक्यात, केळीच्या किंवा कर्दळीच्या पानात गार ठेवतात. ती पद्धत मोगऱ्यासाठी अगदी बरोबर आहे. गुलाबाला दांडा आहे, त्याला प्यायला द्यायला हवे. ओल्या फडक्यात रात्रभर बंद केलेला गुलाब सकाळी काळपट होतो.

११. कबरीवर गुलाबापेक्षा शेवंती बरी.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या दफनभूमी फुलांनी भरून जातात. आईच्या कबरीवर गुलाब ठेवावेत असे कुणाला वाटणार नाही? पण त्या दिवसांतले ऊन, दगडाची धग आणि शेकडो मेणबत्त्या, यात सुटा गुलाब दुपारीच मान टाकतो. शेवंतीला इथिलीनची फारशी बाधा होत नाही आणि तहानही बेताची, ती आणि झेंडू दोन दिवस नीट राहतात. गुलाब हवेच असतील तर पाण्याने भरलेल्या जड भांड्यात, उन्हे उतरल्यावर न्यावेत.

१२. बाजारच्या गुलाबाचा गुलकंद करू नये.

सुकलेल्या पाकळ्या टाकवत नाहीत, हे मला समजते. पण डच गुलाबावर कीड आणि बुरशीसाठी फवारण्या झालेल्या असतात, आणि ते पीक खाण्यासाठी म्हणून घेतलेलेच नसते. त्याच्या पाकळ्या सरबतात, खिरीवर, गुलकंदात घालू नयेत. गुलकंदाला अंगणातला, औषध न मारलेला, वासाचा गावठी गुलाबच हवा. बाजारच्या पाकळ्या आणि दांडे केळीच्या किंवा नारळाच्या बुंध्याशी खतात घालावेत, दांड्यांचे आधी बारीक तुकडे करून, आणि रबरबँड, प्लास्टिकची जाळी काढून.